ॲप म्हणते ५२ मिनिटं, मामा म्हणते चार बिड्या

मागच्या डिसेंबरात मी चालायचा वेळ सांगणाऱ्या एका ट्रेकिंग ॲपचं वर्षभराचं पैसेवालं व्हर्जन घेतलं. आता रिन्यू करा, रिन्यू करा असे मेसेज येऊन राह्यले, तं म्हटलं पैसे भरायच्या आधी एकदा मनातलं लिहून टाकू. नाव मुद्दाम लिहत नाही, कारण या जातीचे तीन-चार ॲप मी फुकटात वापरून पाह्यले अन वेळेच्या बाबतीत सगळ्यांचा बाप एकच निघाला, त्याच्याबद्दल पुढं सांगतो. हे ॲप मी चिखलात नेलं, मे महिन्याच्या उन्हात नेलं, अन एकदा तं थेट काश्मीरमध्ये ट्राऊट माशाच्या तळ्यावर नेलं, म्हणजे टेस्टिंग कमी झाली असं कोणी म्हणू नये.

मी भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या बाजूचा. गरी टाकून मासे धरायचा शौक लहानपणापासूनचा, धंदा नाही, शौकच. आमच्याकडं तलावांची काही कमी नाही, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून साडेसहा-सात हजार तरी माजी मालगुजारी तलाव असतील, त्यालाच सरकारी कागदात शॉर्टमध्ये मामा तलाव म्हणतात. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले, पण पाळ तीच, पाणी सोडायचं तुडुम तेच. गावाजवळच्या तलावात मच्छीमार सोसायटीचे मासे, तिथं गरी टाकली तं शिव्या पडतात अन त्या बरोबरच पडतात. म्हणून आम्ही दोघं, म्हणजे मी अन माझा साळा, विचारून-सवरून दूरच्या बोड्यांवर, म्हणजे लहान तलावांवर, जातो जिथं गाडी जात नाही. गाडी लावायची कच्च्या रस्त्याच्या टोकावर, तिथून पायी. तिथल्या मरळीला काही तोड नाही राजेहो, आणि माणूस एक दिसत नाही.

आता पायी म्हटलं की पहिला प्रश्न, किती वेळ लागते. आमच्याकडं अंतर विचारलं तं उत्तर काय येते सगळ्यांना माहीत आहे, "हे काय, इथंच आहे." दीड तास चालल्यावर पुन्हा कोणाला विचारलं तं पुन्हा तेच. याच वैतागातून ॲप घेतलं.

पहिली टेस्ट जानेवारीत. गाडी लावली तिथून बोडीपर्यंत ॲपनं दाखवलं ४.२ किलोमीटर, चढ २० मीटर, वेळ ५२ मिनिटं. धान कापून झालेलं, बांध्या (धानाची खाचरं) कोरड्या ठण्ण, धुऱ्यावरून (बांधावरून) मस्त चालता येते असा टाईम. तिथं झाडाखाली एक म्हातारे मामा ढोरं घेऊन बसले होते, जिंदगीभर त्याच बोडीवर जाळं टाकणारे. साळ्यानं मजा म्हणून विचारलं, "मामा, बोडी किती दूर हाये इथून?"

"चार बिड्या."

"म्हंजे?"

"अगा, इथं एक पेटोली का नाल्याजवळ सरते. मंग थोडा चालाचा, दुसरी पेटोवाची. चौथी सरली का पारीवर." मग जरा थांबून म्हणे, "पान्यापावसात सहा धरजो."

आम्ही हसलो. पोहोचलो ७० मिनिटांनी. ॲपपेक्षा १८ मिनिटं जास्त, अन ते पण एकदम कोरड्या जमिनीवर, सकाळच्या थंडीत, मध्ये फक्त एकदा पाणी प्यायला थांबून. मला वाटलं आपलंच वय झालं. घरी येऊन कागद घेतला, म्हटलं हे ५२ आलं कुठून ते तं पाहू.

आलं असं. १८९२ साली स्कॉटलंडमध्ये नेस्मिथ नावाच्या एका गिर्यारोहकानं डोंगरात किती वेळ लागेल याचा साधा हिशोब लिहून ठेवला. दर ३ मैलाला एक तास, वर दर २००० फूट चढाला आणखी एक तास. किलोमीटरात आणलं तं ताशी ५ किलोमीटर अन दर १० मीटर चढाला एक मिनिट. आता ४.२ किलोमीटरला ताशी ५ नं होतात ५० मिनिटं, २० मीटर चढाचे २ मिनिटं, झाले ५२. म्हणजे एवढा सॅटेलाईट, एवढे पैसे, एवढे रंगीत ग्राफ, अन आत बसलाय तोच सव्वाशे-दीडशे वर्षांचा म्हातारा. म्हाताऱ्याची चूक नाही. त्यानं हिशोब लिहला धडधाकट माणसासाठी, बऱ्या वाटेसाठी, थांबे न धरता. आपण तो लावतो टिफिन, पाण्याची कॅन, दोन गऱ्या अन पोट घेऊन चालणाऱ्या माणसाला.

माझी खरी चाल निघाली ताशी ३.६ किलोमीटर. ॲपमध्ये 'तुमचा वेग' म्हणून एक सेटिंग आहे, ते चार स्क्रीन आत लपवून ठेवलंय, मला फार उशिरा सापडलं. ते सेट केल्यावर कोरड्या दिवसात ॲप बरंच सुधारते, हे कबूल. ज्यांनी घेतलं असेल त्यांनी पहिल्या दिवशी तेच करावं, बाकी ग्राफ-बिफ मग पाहा.

मे महिन्यात सकाळी ६ ला निघालो तं तीच वाट ७५ मिनिटांत झाली, एकदम ठीक. पण परत यायला निघालो साडेअकराला, कारण मरळ लागून राह्यली होती अन उठवत नव्हतं. ४४-४५ डिग्रीत ४.२ किलोमीटरला १ तास ५० मिनिटं लागले. चालत नव्हतोच आम्ही, एका मोहाच्या सावलीतून दुसऱ्या मोहाच्या सावलीत पळत होतो, तिथं पाच मिनिटं बसायचं, पुन्हा पळायचं. ॲपमध्ये उष्णतेचं काही खातंच नाही. हवामान दाखवते, वरच्या कोपऱ्यात सूर्याचं चित्र येते, पण त्या सूर्याचा वेळेशी काही संबंध आहे हे त्याला कोणी सांगतलं नाही. विदर्भात वापरायचं ॲप अन उन्हाचा हिशोब नाही म्हणजे भाजीत मीठ नाही.

पण खरी गंमत ऑगस्टची, ती नीट सांगतो.

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, होऊन गेला होता, बांध्यांत पाणी भरलेलं, धुरे ओले. आमच्या त्या वाटेवर मधे एक पट्टा कन्हार मातीचा आहे. ज्याला कन्हार माहीत नाही त्याला सांगतो, काळी, चिकट, भारी माती, पावसात तिच्यावर पाय ठेवला की ती सोडत नाही. पहिल्या वीस पावलांत बुटाच्या तळाला दोन बोटं थर, पन्नास पावलांत तो थर बाहेर पसरून बुटाचा तवा होते, एकेक पाय किलोभराचा वाटते, मग थांबा, काडी शोधा, खरडा, पुन्हा वीस पावलं. साळ्यानं शेवटी चप्पल हातात घेतली अन अनवाणी चालला, तो माझ्यापेक्षा फास्ट गेला. पुढं नाला. जानेवारीत जिथं उडी मारून जात होतो तिथं मांडीभर पाणी, म्हणून वर चालत गेलो अर्धा फर्लांग, पाणी पसरट झालं तिथून पँट वर करून, काठीनं तळ चाचपत, सामान डोक्यावर घेऊन पार केलं. एका नाल्याला १८ मिनिटं. खरडण्यात १०. मग सर आली जोराची, पळसाखाली १५ मिनिटं उभे. बोडीवर पोहोचलो तेव्हा घड्याळात २ तास ५ मिनिटं झाले होते.

आणि ॲपनं काय दाखवावं? 'चालण्याचा वेळ १ तास २२ मिनिटं, छान कामगिरी!' अन वरून टाळ्या वाजवणारं चित्र. कारण काय तं तुम्ही थांबले की त्याचं घड्याळ थांबते, त्याच्या हिशोबानं तुम्ही आराम करून राह्यले. अरे बाबा, मी नाल्याच्या पाण्यात काठी घेऊन उभा आहे, आराम कायचा? हे चालतीचा वेळ अन एकूण वेळ वेगळे दाखवणं चांगलंच आहे, मी त्याच्या विरोधात नाही, पण पुढच्या वेळचा अंदाज देताना ते फक्त चालतीचा वेळ धरते अन तिथं माणूस फसते. सप्टेंबरात गेलो तं म्हणे 'मागील अनुभवावरून १ तास २० मिनिटं'. मागील अनुभव माझा होता की त्याचा?

त्या दिवशी बोडीवर बसून आठवलं, मामा म्हणाले होते पावसात सहा बिड्या. चाराचे सहा, म्हणजे दीडपट. माझे ७० चे १२५ झाले, म्हणजे पावणेदोनपटीच्या वर. फरक पोटाचा अन बुटाचा धरला तं मामा ॲपपेक्षा कितीतरी जवळ होते.

आता मासेवाल्यासाठी हे एवढं काहून महत्त्वाचं ते सांगतो, कारण साध्या ट्रेकिंगवाल्यांना हे कळत नाही. त्यांना फक्त पोहोचायचं असते. आम्हाला पोहोचून मग काम सुरू करायचं असते. माझा हिशोब मिनिटांत नाही, गरी पाण्यात किती वेळ राहील त्यात असते. ऑगस्टच्या त्या दिवशी ॲपच्या भरवशावर प्लॅन असा, ७ ला चालायला सुरू, ५२ मिनिटांत पोहोचणार, दुपारी १२ ला परत गाडीजवळ, म्हणजे मधे गरी टाकायला सव्वातीन तास. झालं काय, पोहोचलो ९ वाजून ५ मिनिटांनी, आणि परतीला पण तेवढेच लागणार म्हणून ९ वाजून ५५ ला उठावं लागलं. गरी पाण्यात ५० मिनिटं! चूक एका बाजूची सव्वा तासाची, पण ती भरावी लागते दोनदा, जाताना अन येताना, अन दोन्ही वेळा ती मासे धरायच्या टाईममधूनच कापली जाते. अडीच तास पायात गेले. धरले काय, दोन बोटभर मुऱ्या, त्या पण सोडून दिल्या.

उशिरा निघू, उशिरा परत येऊ, असं पण आमच्याकडं चालत नाही. जंगलाला लागून गावं आहेत, वाघ-बिबट आहेत, मोहफुलांच्या दिवसात पहाटे अस्वल असते झाडाखाली. उजाडल्याशिवाय निघायचं नाही अन दिवस बुडायच्या आधी रस्त्याला लागायचं, हा नियम माझ्या बापानं घालून दिला होता अन तो मी मोडत नाही. संध्याकाळी मासा चांगला लागते हे सगळ्यांना माहीत आहे, पण परतीचा वेळ बरोबर माहीत नसला तं तो शेवटचा अर्धा तास मिळत नाही. हा अर्धा तास मिळावा म्हणूनच तं पैसे भरले होते ना बाप्पा.

वाट दाखवण्यात पण एक मोठा घोटाळा. ॲपला सगळ्यात जवळची वाट आवडते. एका बोडीसाठी त्यानं सरळ रिझर्व्ह फॉरेस्टच्या कंपार्टमेंटमधून रेघ ओढली, १.३ किलोमीटर वाचत होते. तिथं विनापरवानगी गेला तं गार्ड धरते, अन धरायलाच पाहिजे. नागझिरा-नवेगावच्या व्याघ्र प्रकल्पाच्या आजूबाजूला तं हे डोळे झाकून फॉलो करूच नका. ही हद्द नकाशात हिरवी दिसते पण वाट काढताना त्याला कळत नाही.

अन आडरानाचा विषय. टोबलर नावाच्या भूगोलवाल्यानं १९९३ मध्ये चालण्याच्या वेगाचं एक सूत्र दिलं, उतार-चढावानुसार वेग बदलते असं, सपाटीवर ताशी साधारण ५ किलोमीटर अन हलक्या उतारावर जास्तीत जास्त ६. त्यातच त्यानं सांगून ठेवलंय की वाट नसली तं वेगाला ०.६ नं गुणा. आमच्या बोडीला लावून पाह्यलं, ताशी ३ किलोमीटर झाला वेग, ४.२ ला लागले ८४ मिनिटं. पाहा, ५२ पेक्षा किती बरं! एक बटण द्या ना, 'वाट आहे' अन 'वाट नाही'. टणटणीच्या झुडपातून, बेशरमच्या बेटातून जाणारा माणूस अन डांबरी रस्त्यावर जाणारा माणूस यांना एकच वेग लावणं हे मला या ॲपचं सगळ्यात मोठं पाप वाटते. गंमत म्हणजे टोबलरनं घोड्यासाठी पण आकडा दिलाय, १.२५. हा घोडा पुढं येणार आहे.

तं काश्मीर. साळ्याच्या डोक्यात किडा होता की जिंदगीत एकदा ट्राऊट धरायची. आमच्या पाण्यात ट्राऊट जगूच शकत नाही, तिला थंडगार वाहतं पाणी पाहिजे, आमच्याकडं मे मध्ये बोडीत पाय टाकला तं भाजते. जुलैमध्ये गेलो. नारानागवरून गंगाबल तळं, हरमुख पर्वताच्या पायथ्याशी. फिशरीज खात्याचं परमिट आधी काढलं. अन एक मजेशीर गोष्ट, ट्राऊट काश्मीरची मुळात नव्हेच, इंग्रजांच्या काळात १९०० साली तिची अंडी तिकडून जहाजानं आणली, अन तीही स्कॉटलंडवरून. म्हणजे मासा पण स्कॉटलंडचा अन वेळेचा हिशोब पण स्कॉटलंडचा. साळा म्हणाला, "मंग आता तं ॲप बरोबरच येईल जी भाटोजी, दोघं एकाच गावचे."

ॲपनं सांगतलं, अंतर १५ किलोमीटर, चढ १४०० मीटर, वेळ ५ तास २० मिनिटं. नेस्मिथनुसार बरोब्बर, अंतराचे ३ तास, चढाचे २ तास २० मिनिटं. मी आता शहाणा झालो होतो, माझ्या ३.६ च्या वेगानं केलं तं साडेसहा तास, थांबायचा एक तास धरला, साडेसात. घोडेवाल्याला विचारलं, सामान त्याच्याच घोड्यावर होतं, तो म्हणाला चार घंटे. मनात म्हटलं, घ्या, इथं पण 'हे काय, इथंच'. पण तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच चार तासच लागत असतील, तो जन्मला तिथं, अन सोबत घोडा. त्यानं त्याच्या पायांचा वेळ सांगतला, ॲपनं नेस्मिथच्या पायांचा, अन माझ्या पायांचा कोणाजवळच नव्हता.

सकाळी ६ वाजून ४० ला निघालो. पहिल्याच पट्ट्यात देवदार-पाईनच्या जंगलातून असा उभा चढ की साळा पंधरा मिनिटांत गप्प झाला, अन तो गप्प होणं म्हणजे काय ते माझ्या बायकोला विचारा. तयारी म्हणून मी रामटेकच्या गडावर सामान घेऊन तीन-चारदा चढ-उतर केली होती. ट्रॅंटर नावाच्या माणसानं फिटनेस मोजायची एक रीत दिलीय, अर्धा मैल अंतरात १००० फूट चढायला किती मिनिटं लागतात ते पाहायचं, १५ लागले तं पैलवान, ५० लागले तं घरीच बसा, अन त्यावरून नेस्मिथचा वेळ वाढवायचा. आता आमच्या झाडीपट्टीत सलग १००० फूट चढ आणायचा कुठून? रामटेकवर गेलो, घाम काढला, समाधान मानलं.

तीन हजार मीटरच्या वर श्वास पुरत नव्हता. आम्ही राहतो समुद्रसपाटीपासून अडीचशे-तीनशे मीटरवर, अन श्रीनगरला एकच मुक्काम केला होता. वीस पावलं, थांबा. वीस पावलं, थांबा. मला एकदम कन्हार माती आठवली, फक्त इथं बूट साफ होते. त्रुंखोलच्या कुरणावर पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता, ॲपच्या हिशोबानं तोपर्यंत आम्ही तळ्यावर जेवून आडवे व्हायला पाहिजे होतो. गंगाबलला पोहोचलो ४ वाजून १० ला. साडेनऊ तास! ॲप ५:२०, मी स्वतः ७:३०, घोडेवाला ४, तिघंही आपटले. घोडेवाला दोन तास आधीपासून आमची वाट पाहत होता, चहा करून प्यायला, घोडा चरून झाला.

संध्याकाळी डोकं ठणकत होतं, वारा असा की दोरा सरळ पडत नव्हता, तासभर हात मारला अन तंबूत शिरलो. डोकं दुखत असलं की आणखी वर जायचं नाही अन जास्त वाढलं तं रात्रीच खाली उतरायचं, हे तिथले लोकं सांगतात ते ऐका, ॲपमध्ये याबद्दल एक ओळ नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र वारा पडला, पाणी काचेसारखं, अन साळ्याला एक लागली. वीतभराची असेल, पिवळट-तपकिरी अंग, बाजूला काळे ठिपके अन मधे मधे लाल, त्या लालभोवती पांढरट कडा, जसं कोणी टिकली लावून कोरून काढलं. हातात धरून तो पाहतच राह्यला, मग पाण्यात सोडली. मला काहीच नाही लागलं. मी हे लिहत नव्हतो पण साळा हे वाचणार आहे.

परतीत ॲपनं आणखी एक पाप केलं. उतरायचा वेळ दाखवला ३ तास. काहून? तं नेस्मिथ चढाचा वेळ धरते, उताराचा धरतच नाही, १५ भागिले ५, झाले ३. यावर लँगमुर नावाच्या माणसानं नंतर दुरुस्ती केली आहे, हलका उतार असला तं दर ३०० मीटरला १० मिनिटं कमी करा, उभा उतार असला तं दर ३०० मीटरला १० मिनिटं उलट वाढवा. अगदी आपल्या आजीला पण माहीत असलेली गोष्ट, उभ्या उतारावर गुडघे बोलतात. ही दुरुस्ती ॲपमध्ये टाकायला काय जाते? आम्हाला लागले ५ तास ५० मिनिटं, खाली शेअरिंगची सुमो निघून गेली होती, पूर्ण गाडी करून कंगनला यावं लागलं. ते पैसे मी ॲपच्या खात्यात धरतो.

आता चांगलं पण सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता रडते. नकाशे ऑफलाईन उतरवून ठेवता येतात, अन आमच्याकडं जिथं टॉवर नाही तिथं, अन गंगाबलला तं सवालच नाही, हे सोन्यासारखं आहे. अंतर बऱ्यापैकी बरोबर येते. चढ-उताराच्या रेषा मस्त, त्यावरून तुम्ही स्वतः हिशोब करू शकता. नाल्यापलीकडं जायला जागा कुठं असेल हे सॅटेलाईटच्या फोटोवर आधी पाहून ठेवलं तं सप्टेंबरात आमचे दहा मिनिटं वाचले. एकदा धुक्यात वाट चुकलो होतो तेव्हा आलेल्या वाटेवरूनच परत नेलं, त्या दिवशी मी त्याला मनातून पाच स्टार दिले होते. पण तासभर एका जागी बसलात तं रेकॉर्डिंग बंद करा, मी झाडाखाली गरी टाकून तीन तास बसलो अन ॲपनं मला दीड किलोमीटर चालवलं, जीपीएसचा ठिपका आजूबाजूला नाचत राहते अन ते त्याला चालणं समजते. बायकोनं पाह्यलं तं म्हणे, बरं झालं, व्यायाम होऊन राह्यला.

बोड्यांची नावं नाहीत, मराठीत शोधलं तं काही सापडत नाही, मे मध्ये कोरड्या पडलेल्या बोड्या निळ्याच दिसतात. बॅटरी खाते, पॉवर बँक ठेवा. कस्टमर केअरला मी उन्हाचं अन आडरानाचं लिहून पाठवलं, उत्तर आलं की तुमचा फीडबॅक आमच्यासाठी मोलाचा आहे. नकाशाला पाचपैकी चार, वेळेला दीड. तो अर्धा 'तुमचा वेग'वाल्या सेटिंगसाठी.

रिन्यू करणार आहे मी, पण वेळ पाहायसाठी नाही, नकाशासाठी. वेळ मी आता वहीत लिहतो. गाडी कधी लावली, गरी पाण्यात कधी पडली, गरी कधी काढली, गाडी कधी दिसली, एवढे चार आकडे, बाजूला महिना अन पाऊस किती दिवसांपासून सुरू आहे ते. थांबल्यासकट पूर्ण वेळ, घड्याळाचा. एकाच वाटेच्या सहा-सात नोंदी झाल्या की ॲप उघडायची गरजच पडत नाही, अन नवीन वाट असली तं ॲपचं फक्त अंतर घेतो, माझ्या जुन्या वाटांपैकी तिच्यासारखी कोणती ते पाहतो अन तिचा वेग लावतो. कोरडं असलं तं ३.६, पावसात २ नं धरतो, दुपारच्या उन्हाचं धरतच नाही, निघतच नाही. ऑक्टोबरात एका नवीन तलावाला असं करून २ तास १० काढले होते, लागले २ तास १५. त्या दिवशी संध्याकाळचा तो अर्धा तास मिळाला, अन त्याच अर्ध्या तासात दीड किलोची मरळ.

येताना मामा भेटले, त्याच झाडाखाली. मरळ दाखवली, खुश झाले. म्हटलं मामा, त्या पलीकडच्या टेकडीमागची बोडी किती बिड्यांवर आहे, पुढच्या टाईमला तिकडं जायचं मनात आहे. म्हणे, "बिडी सोडली बाबू औंदा. डाक्टरनं लय भेव देल्लं." मी म्हटलं मग आता? त्यांनी कमरेची पन्नी काढली, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला, गालात धरला, टेकडीकडं बराच वेळ पाह्यलं.

"दीड खर्रा," म्हणे. "पन थुकाले थांबला तं दोन."